पैसे देऊन पुरुष सोबती बोलावणे: खर्च, कायदा आणि आधी पैसे कोणी द्यायचे?

ओंजळ

नमस्कार. मी ४७ वर्षांची आहे, ठाण्यात एकटी राहते आणि नोकरी करते. घटस्फोटाला नऊ वर्षे झाली असून मुलगा शिक्षणासाठी बंगळुरूला आहे. पुन्हा लग्न करायचे नाही, हे मी पुरते ठरवले आहे; वधूवर मेळाव्यांना दोनदा जाऊन आले, पण तिथे माझ्या पगाराची आणि फ्लॅटची जेवढी चौकशी झाली तेवढी माझी झाली नाही. तरीही स्पर्शाची आणि जवळिकीची गरज मला आहे आणि ती बोलून दाखवताना मला लाज वाटत नाही. ओळखीपाळखीतल्या कोणाशी संबंध ठेवला तर त्याची चर्चा इमारतीपासून कार्यालयापर्यंत होईल, म्हणून एखाद्या व्यावसायिक पुरुष सोबत्याला पैसे देऊन बोलवावे, असा विचार मी काही महिन्यांपासून करते आहे.

तीन आठवड्यांपूर्वी टेलिग्रामवर एका एजन्सीशी बोलणे झाले. त्यांनी आठ पुरुषांचे फोटो पाठवले आणि दोन तासांचे ६,००० रुपये सांगितले. मात्र त्याआधी सभासदत्वाचे ३,५०० रुपये आणि परत मिळणारी अनामत म्हणून १२,००० रुपये भरावे लागतील, असे ते म्हणतात. अनामत कशासाठी, असे विचारल्यावर ‘आमच्या मुलाच्या सुरक्षिततेसाठी’ असे उत्तर आले. पैसे भरण्यासाठी दोनदा क्यूआर कोड आला आणि दोन्ही वेळा खातेदाराचे नाव वेगळे होते.

मला एवढेच जाणून घ्यायचे आहे की अशी अनामत घेण्याची रीत खरोखर आहे का, हा व्यवहार प्रत्यक्षात कसा चालतो, माझ्या बाजूने तो गुन्हा ठरतो का आणि एकट्या बाईने यात स्वतःला कसे सांभाळावे. मी हे करावे की नाही, याबद्दल उपदेश कृपया नको. तो मी स्वतःला पुष्कळ करून झाला आहे.

कोर्टाची पायरी

ताई, मी पुण्यात वीस वर्षे फौजदारी वकिली करते आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नांपैकी कायद्याच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण बाकीची सगळी गुंतागुंत तिथूनच सुरू होते.

या विषयावरचा मुख्य कायदा म्हणजे अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६. १९८६ सालच्या दुरुस्तीने त्यात ‘स्त्री’ऐवजी ‘व्यक्ती’ हा शब्द आला, त्यामुळे पुरुष हे काम करत असला तरी हाच कायदा लागू होतो. दोन सज्ञान व्यक्तींनी स्वखुशीने, खाजगी जागेत, पैशांच्या मोबदल्यात एकत्र येणे एवढ्याच गोष्टीला या कायद्यात शिक्षा सांगितलेली नाही. शिक्षा आहे ती कुंटणखाना चालवण्याला (कलम ३), दुसऱ्याच्या अशा कमाईवर जगण्याला (कलम ४), या कामासाठी माणसे मिळवून देण्याला (कलम ५) आणि सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक शोधण्याला (कलम ८). मात्र कलम ७ नीट लक्षात ठेवा. प्रार्थनास्थळ, शाळा, वसतिगृह, रुग्णालय अशा जागांपासून २०० मीटरच्या आत हा व्यवहार झाला तर ते काम करणारा आणि त्याच्याकडे गेलेली व्यक्ती असे दोघेही दोषी ठरू शकतात आणि तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या शहरांत देऊळ, शाळा किंवा दवाखाना यांपैकी काहीच २०० मीटरच्या आत नाही अशी इमारत शोधून सापडायची नाही, म्हणून ‘घरात केले तर काहीच होत नाही’ हे वाक्य जितके बिनधास्तपणे ऐकू येते तितके ते खरे नाही.

आता तुमच्या पैशांकडे येते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २३ नुसार ज्या कराराचा हेतू न्यायालय अनैतिक मानते, तो करार मुळातच निरर्थक असतो. या कलमाखाली शेवटचे उदाहरण दिले आहे ते एका व्यक्तीने आपली मुलगी दुसऱ्याला रखेल म्हणून भाड्याने देण्याचे, आणि तिथे स्पष्ट म्हटले आहे की दंडसंहितेखाली ती गोष्ट शिक्षापात्र नसली तरीही करार निरर्थकच राहतो. हे उदाहरण दीडशे वर्षे तसेच उभे आहे. त्याचा तुमच्यापुरता अर्थ असा की तुम्ही १२,००० रुपये भरले आणि कोणी आलेच नाही, तर ‘ठरल्याप्रमाणे सेवा द्या’ किंवा ‘करार मोडला म्हणून भरपाई द्या’ असे म्हणत तुम्हाला दिवाणी न्यायालयाची पायरी चढता येत नाही. उलट बाजूने, एखादा माणूस आला, वेळ देऊन गेला आणि तुम्ही पैसे बुडवले, तर त्यालाही दावा लावता येत नाही. ज्या व्यवहारामागे करारच उभा राहत नाही, तिथे आधी पैसे देणारा सगळी जोखीम स्वतःच्या डोक्यावर घेतो. एजन्सीला हे पक्के ठाऊक असते आणि म्हणूनच ती सगळी रक्कम आधी मागते.

फसवणूक आणि खंडणी या गोष्टी मात्र पूर्णपणे वेगळ्या आहेत. माणूस पाठवायचाच नव्हता आणि तरी पैसे घेतले, तर ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालची फसवणूक आहे. नंतर ‘तुमच्या मुलाला सांगू’ म्हणून धमकावले तर कलम ३०८ खालची खंडणी आहे. तुमचा मूळ हेतू काय होता याने त्या गुन्ह्यात काडीचाही फरक पडत नाही.

मांजराकाठचा

मॅडम, मी लातूर जिल्ह्यातला आहे. ही गोष्ट मी आजवर घरी सांगितलेली नाही, पण तुम्ही ज्या पद्धतीचे वर्णन केले आहे तिची दुसरी बाजू मी स्वतः पाहिली असल्यामुळे लिहितो आहे.

२०२१ मध्ये मी पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करत होतो. बसथांब्यावर एक चिकटवलेला कागद दिसला. ‘प्लेबॉय जॉब, उच्चभ्रू महिलांची सेवा, दिवसाला १५ ते २५ हजार’ असा मजकूर आणि खाली एक नंबर. खोलीचे भाडे दोन महिने थकले होते, त्यामुळे फोन केला. पलीकडून एक बाई फार आदबीने बोलली. आधी नोंदणीचे १,२५० रुपये भरले. मग ओळखपत्राचे २,५०० झाले आणि एक ओळखपत्र पीडीएफमध्ये आलेही. त्यावर माझा फोटो होता, पण आडनाव चुकीचे छापले होते. त्यानंतर वैद्यकीय तपासणीचे ४,९०० आणि पोलीस पडताळणीचे ८,००० रुपये गेले. शेवटी ‘ग्राहक महिला ठरली आहे, हॉटेलची अनामत तुम्ही भरा, ती तुम्हाला मानधनासोबत परत देईल’ असे सांगून २२,००० रुपये घेतले. एकूण ३८,६५० रुपये गेले. त्यातली मोठी रक्कम वडिलांनी सोयाबीन विकून क्लासच्या फीसाठी पाठवलेली होती.

ठरल्या दिवशी मी चुलतभावाचा कोट घालून स्टेशनजवळच्या एका हॉटेलच्या खालच्या मजल्यावर चार तास बसून राहिलो. काउंटरवरच्या माणसाने दोनदा चहा विचारला. तिसऱ्या वेळी तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, ‘भाऊ, या आठवड्यातले तुम्ही तिसरे आहात. घरी जा.’ त्याने मला हाकलून दिले नाही, याबद्दल मी अजूनही त्याचे उपकार मानतो.

या धंद्याचे गणित मला नंतर समजले. पैसे देऊ शकणाऱ्या आणि देण्याची तयारी असलेल्या स्त्रिया फार थोड्या आहेत आणि अशी नोकरी हवी असलेली बेकार पोरे गल्लोगल्ली आहेत. एजन्सीची कमाई त्या थोड्या स्त्रियांवर चालत नाही, ती आमच्यासारख्यांच्या नोंदणीवर चालते. तिला ना ग्राहक लागतो ना माणूस. दोघांनाही एकमेकांची आशा दाखवली की पुरते. तुम्हाला आलेल्या आठ फोटोंपैकी एखादा माझ्यासारख्याच कोणाचा असेल, ज्याने ओळखपत्रासाठी म्हणून तो पाठवला आणि जो आज एखाद्या कंपनीत पहाटेची पाळी करत असेल. पैसे गेल्यावर महिनाभराने मला पुन्हा फोन आला. आणखी १०,००० न दिल्यास आधार कार्डाची प्रत आणि माझे उघड्या अंगाचे फोटो गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू, अशी धमकी होती. मी दिले नाहीत. फोटो कुठेही आले नाहीत, पण ते तीन महिने मला झोप नव्हती.

म्हणून कळकळीने सांगतो, अनामत भरू नका.

निशिगंध

मी मुंबईत एचआयव्ही प्रतिबंधाच्या प्रकल्पात अकरा वर्षे क्षेत्रकार्य केले. प्रकल्पाच्या भाषेत आम्ही ‘टीआय’मध्ये, म्हणजे जास्त जोखमीच्या गटांसाठीच्या लक्ष्यित कामात होतो आणि आमचे बहुतेक काम पुरुष लैंगिक कामगारांमध्ये होते. वरच्या दोघांनी एजन्सीचे खरे रूप सांगितले आहेच. हे काम जे पुरुष प्रत्यक्ष करतात त्यांच्याबद्दल थोडे लिहितो, कारण त्यांच्याविषयी लोकांच्या मनात असलेले चित्र फार चुकीचे असते.

पहिली गोष्ट म्हणजे या पुरुषांचे गिऱ्हाईक बहुतांशी पुरुषच असते. मी ज्यांच्यासोबत काम केले त्यांतल्या अनेकांनी ‘मी फक्त बायकांकडे जातो’ असे पहिल्या भेटीत सांगितले आणि विश्वास बसल्यावर वर्षभराने खरे काय ते सांगितले. मुंबईतल्या हमसफर ट्रस्टने १९९४ पासून पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये केलेले काम किंवा सांगलीत संग्राम संस्थेच्या आधाराने उभी राहिलेली ‘मुस्कान’ ही पुरुष आणि तृतीयपंथी लैंगिक कामगारांची संघटना पाहिली, तर या व्यवसायाचा खरा चेहरा दिसतो. तो चकचकीत हॉटेलातल्या देखण्या तरुणाचा नाही. तो भाड्याच्या खोलीत तिघांसोबत राहणाऱ्या, दिवसा दुसरे काही काम करणाऱ्या आणि गावी पैसे पाठवणाऱ्या माणसाचा आहे.

एका मुलाचा हिशेब मला तोंडपाठ आहे, कारण तो वहीत लिहून ठेवायचा आणि दर शनिवारी आमच्या केंद्रात येऊन माझ्यासमोर बेरीज करायचा. एका संध्याकाळचे ३,००० रुपये ठरले की १,५०० मध्यस्थ ठेवून घेत असे. शेवटची लोकल चुकली तर नालासोपाऱ्यापर्यंतचे रिक्षाचे किंवा टॅक्सीचे भाडे वेगळेच. महिन्याची जिम, दाढी, कपडे, परफ्यूम यांवर तो जेवणापेक्षा जास्त खर्च करत असे. महिन्यात दहा ठरलेल्या भेटींपैकी तीन-चार ऐनवेळी रद्द व्हायच्या आणि एखादे गिऱ्हाईक पैसे न देताच दार लावून घ्यायचे. वर्षाला एक लाख रुपये शिल्लक टाकायचे त्याचे स्वप्न होते, ते एकाही वर्षी पूर्ण झाले नाही, आणि तिशी उलटल्यावर दर निम्म्यावर आला. म्हणूनच जो खरोखर स्वतःच्या बळावर हे काम करतो, तो सभासदत्व, अनामत असल्या गोष्टी मागत नाही. येण्याजाण्याचे पैसे तो आधी मागेल, कारण फुकट फेरी त्याला परवडत नाही, आणि ठरलेली रक्कम तो बहुधा भेटीच्या सुरुवातीलाच रोख मागेल, कारण ती बुडाली तर त्यालाही कोणी वाली नाही. हे दोन्ही मला रास्त वाटते.

ताई, एकटीने जायचे असेल तर पहिली भेट कॅफेसारख्या माणसांच्या वर्दळीत आणि निव्वळ बोलण्यासाठी ठेवा, त्या वेळेचे पैसे वेगळे द्यावे लागले तरी चालेल. त्याआधी व्हिडिओ कॉल करा. जो माणूस दोन मिनिटे चेहरा दाखवायला तयार नाही, त्याच्याशी पुढे बोलू नका. घरी बोलावू नका आणि कार्यालयाचा नंबर देऊ नका. कुठे आहात आणि कधी परत येणार, हे एखाद्या मैत्रिणीला ठाऊक असू द्या. कारण सांगायची गरज नाही. काय हवे आणि काय नको, हे पैशांसोबतच आधी बोलून घ्या. मधेच नको वाटले तर थांबवण्याचा अधिकार तुम्हाला आहे आणि तितकाच त्यालाही आहे. पैसे दिले म्हणून त्याचा तो अधिकार जात नाही, हे बऱ्याच गिऱ्हाइकांना सांगावे लागत असे. मोबाइल दोघांनी बंद करून समोर टेबलावर ठेवावेत. चोरून चित्रण करणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६ई खालचा गुन्हा आहे, पण गुन्हा नोंदवण्यापेक्षा चित्रण होऊच न देणे सोपे असते.

आरोग्याच्या बाबतीत मी थोडा आग्रहाने लिहितो. ‘माझा रिपोर्ट स्वच्छ आहे’ म्हणून दाखवलेल्या कागदावर विसंबू नका. कागद खोटा असू शकतो, आणि खरा असला तरी संसर्ग झाल्यावर काही आठवडे तो चाचणीत दिसत नाही. कंडोमवर तडजोड नाही म्हणजे नाही. तो फाटला किंवा निसटला तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पीईपी ही एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. ‘उद्या बघू’ म्हणून चालत नाही. गुप्तरोग आणि हिपॅटायटिस ‘बी’ यांचाही विचार करा. हिपॅटायटिस ‘बी’ची लस प्रौढ वयातही घेता येते. सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्रात एचआयव्हीची चाचणी मोफत होते आणि तुमची माहिती गुप्त ठेवणे २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने बंधनकारक आहे. १०९७ या एड्स हेल्पलाइनच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

सातासमुद्रापार

मी ऑकलंडमध्ये चौदा वर्षे परिचारिका आहे. वकीलताईंनी कराराबद्दल जे लिहिले ते वाचून मला इथल्या कायद्याची तुलना मांडावीशी वाटली, कारण फरक नेमका तिथेच आहे.

न्यूझीलंडमध्ये २००३ सालच्या कायद्याने प्रौढांचे स्वेच्छेने केलेले लैंगिक काम गुन्हेगारीच्या कक्षेतून बाहेर काढले. त्या कायद्याचे सातवे कलम सांगते की लैंगिक सेवेचा करार केवळ सार्वजनिक धोरणाच्या कारणाने बेकायदा किंवा निरर्थक ठरत नाही, म्हणजे भारतीय कलम २३ च्या अगदी उलट. त्याच वेळी सतरावे कलम सांगते की करार झालेला असला तरी काम करणारी व्यक्ती कोणत्याही क्षणी नकार देऊ शकते. सुरक्षित संबंधासाठी कंडोम वापरणे हे दोन्ही बाजूंवर कायदेशीर बंधन आहे. यामुळे इथला पुरुष सोबती स्वतःच्या नावाने जाहिरात करतो, प्राप्तिकर भरतो आणि वार्षिक उलाढाल ६०,००० डॉलरच्या वर गेली तर १५ टक्के जीएसटीही लावतो. दर तासाला काही शे डॉलर असतो आणि भेट रद्द केली तर किती रक्कम जाईल, हे आधीच लिहून दिलेले असते. माझ्या एका सहकारी बाईने पतीच्या निधनानंतर दोन वर्षे अशी सोबत घेतली. तिला तिच्या फिजिओथेरपिस्टइतकीच नियमित पावती मिळत असे.

पण एक गोष्ट आपल्या लोकांनी लक्षात ठेवली पाहिजे. याच कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाने तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसांना हे काम करण्यास मनाई केली आहे. विद्यार्थी व्हिसावर आलेला एखादा मराठी मुलगा घरभाड्यासाठी या कामात पडला, तर त्याला देशाबाहेर काढले जाऊ शकते, आणि हे ठाऊक असलेली गिऱ्हाइके त्याला निम्म्या दराने राबवतात, कारण तो तक्रार करणार नाही याची त्यांना खात्री असते. कायदा उदार आहे त्या देशातही ज्याच्या हातात करार नाही त्याची अवस्था लातूरच्या दादांपेक्षा फार वेगळी नाही.

ओंजळ

सर्वांचे मनापासून आभार. एक गोष्ट मी प्रश्नात लिहिली नव्हती, ती आता लिहिते. सभासदत्वाचे ३,५०० रुपये मी आधीच भरले होते. अनामत मात्र भरली नव्हती.

निशिगंध यांचे वाचून मी काल रात्री एजन्सीला एवढेच लिहिले की आठपैकी कोणाशीही दोन मिनिटे व्हिडिओ कॉल करून द्या, मग अनामत भरते. वीस मिनिटे काही उत्तर आले नाही. नंतर एका पोलीस ठाण्याच्या शिक्क्याचा कागद आला, त्यावर माझे नाव आणि ‘सेवा रद्द केल्याबद्दल २५,००० रुपये दंड’ असे लिहिलेले. क्षणभर पोटात गोळा आला हे खरे, पण त्या कागदावर ठाण्याचे नाव दोन ठिकाणी दोन प्रकारे लिहिले होते. मी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवले आहेत.

वकीलताई, ३,५०० रुपयांसाठी तक्रार करावी का? आणि केली तर पैसे कशासाठी भरले, हे लिहावे लागेल का?

कोर्टाची पायरी

तक्रार जरूर करा, आणि आजच करा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते गोठवता आले तरच हाती लागतात. तीन आठवडे झाले असतील तर तुमची रक्कम परत मिळण्याची आशा कमी आहे, पण त्या दोन खात्यांची नोंद व्हायला हवी आणि कालचा कागद हा आता फसवणुकीच्या पुढे जाऊन खंडणीचा प्रयत्न झाला आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेचा व्यवहार क्रमांक), दोन्ही क्यूआर कोड आणि टेलिग्रामवरचे नाव जवळ ठेवा आणि मिळालेला पोचपावती क्रमांक बँकेलाही कळवा.

कारण विचारले तर खोटे लिहू नका. खोटे कारण पुढे उलटतपासणीत अंगावर येते. ‘ऑनलाइन सोबती सेवेच्या सभासदत्वासाठी रक्कम घेतली, सेवा दिली नाही आणि नंतर बनावट पोलीस कागद पाठवून पैसे मागितले’ एवढे वाक्य पुरेसे आहे आणि ते पूर्ण खरे आहे. पोलीस ठाण्यात जावे लागले आणि समोरच्याने नको ते प्रश्न विचारायला सुरुवात केली, तर महिला अधिकाऱ्यासमोर जबाब द्यायचा आहे असे सांगा. तरीही अडवले तर मला इथेच निरोप ठेवा. ठाणे शहरात माझी एक सहकारी वकिली करते, ती तुमच्यासोबत येईल.

मांजराकाठचा

मॅडम, त्या आठ फोटोंचे स्क्रीनशॉटही तक्रारीत जोडा. त्यांतल्या एखाद्याला कदाचित अजून कळलेही नसेल की त्याचा फोटो कुठे फिरतो आहे.